कव्हरवरची तीन नावं

तापाच्या आदल्या दिवशी माय अंबाडीची भाजी निवडत बसली होती, आणि बाबा स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी खुर्ची टाकून तिला इटलीतल्या बायांचं भांडण ऐकवत होते.

सिंदेवाहीच्या त्या घरात यात नवल असं काही नव्हतं. कितीतरी वर्षं हेच चाललं होतं. बाबा, म्हणजे श्रीहरी मास्तर, हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. शाळा सुटली की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि खाकी कव्हर घातलेलं एक इंग्रजी पुस्तक काढून उंबरठ्याशी बसायचे. कादंबरी मूळची इटालियन. डोंगरातल्या बाया हंगामापुरत्या खाली मैदानात उतरतात, धानाच्या बांध्यांत गुडघाभर पाण्यात रांगेनं उभ्या राहतात, रोवणा म्हणजे लावणी करतात, निंदण करतात आणि धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, छत्री घेऊन हिंडणाऱ्या मुकादमाला तोंडावर बोलतात, अशी ती गोष्ट. इटलीत धान पिकतं हे आधी मायला खरंच वाटेना. मग भात संशोधन केंद्रातल्या एका साहेबानं, पिकतं, चांगलं पिकतं, असं सांगितलं, तेव्हापासून तिला त्या बाया नात्यातल्या वाटायला लागल्या. तिचं माहेर नागभीडकडचं. लग्नाच्या आधीचे सगळे पावसाळे तिनं बांधीतच काढले होते.

बाबांची भाषांतराची रीत ठरलेली होती. इंग्रजी वाक्य ते मनात वाचायचे, मग त्याचा अर्थ साध्या मराठीत मायला सांगायचे. म्हातारी तेरेझा त्या नव्या पोरीला अशी अशी बोलली. माय हातातलं काम न थांबवता ऐकायची. कधी म्हणायची, बरोबर हाये. बहुतेक वेळा म्हणायची, असं कोणी बोलते काजी? मग ती बाई कशी बोलली असेल ते माय स्वतः बोलून दाखवायची. म्हातारीचं असेल तर आवाज खोल करून, पोरीचं असेल तर मान वाकडी करून. बाबा लगेच लिहून घ्यायचे. माय हसली की वाक्य जमलं. ती गप्प बसून चुलीकडे वळली की बाबा कागदावर आडवी रेघ मारायचे.

त्या दिवशी त्यांची लेक दिव्यानी नागपूरहून आलेली होती. तिथल्या एका कॉलेजात ती मराठी शिकवायची. पलंगावर जुनी वर्तमानपत्रं चाळता चाळता ती हे सगळं ऐकत होती, म्हणजे फार लक्ष देऊन नव्हे. घरातला नळ वाहतो तसं ते तिच्या कानांवरून वाहत होतं.

"मुकादम म्हणतो, तुम्ही बाया काम कमी करता आणि बोलता जास्त," बाबा म्हणाले. "तर म्हातारी म्हणते, तुमचे पाय कोरडे आहेत, म्हणून तुम्हाला असं वाटतं."

मायनं अंबाडीचा देठ मोडला. "एवढंच?"

"इंग्रजीत एवढंच आहे."

"मंग त्या म्हातारीच्या तोंडात दात नसन." मग धुऱ्यावर खरंच कोणी उभा असावा तशी वर पाहून म्हणाली, "पाय कोरडे हायेत साहेब, म्हणून जीभ एवढी ओली."

बाबांनी लिहिलं. लिहिताना त्यांचे ओठ हलत होते. वाक्य त्यांनी दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं आणि खुशीत मांडीवर थाप मारली.

"पाहा," माय म्हणाली, "तुमच्या विलायतवाल्या बाईले नाई जमलं ते. माह्या सवतीले."

सवत म्हणजे एल्सपेथ ग्रेंजर. इटालियन कादंबऱ्या इंग्रजीत आणणारी ही बाई. बाबांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, तिचा फोटोसुद्धा त्यांना मिळाला नव्हता. तरुणपणी बी.एड.ला असताना सीताबर्डीच्या फूटपाथवर त्यांना हे पुस्तक सापडलं. एका बैठकीत वाचून काढल्यावर, आपल्याला इटालियनचं अक्षर येत नसताना आपण हे वाचलं कसं, असा प्रश्न त्यांना पडला. मग मुखपृष्ठ पाहिलं, आतलं पान पाहिलं. शेवटी त्या पानाच्या मागे, छापखान्याच्या पत्त्याच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत तिचं नाव सापडलं. तेव्हापासून बाबा त्या नावाचे भक्त झाले. तिनं केलेली मिळतील तेवढी पुस्तकं त्यांनी जमवली. ती वारल्याचं त्यांना फार उशिरा, कुठल्याशा नव्या आवृत्तीच्या मागच्या टिपेतून कळलं. त्या दिवशी त्यांनी शाळेला सुट्टी टाकली. नंतर नागपूरच्या पेपराच्या रविवार पुरवणीत तिच्यावर लेखही लिहिला. ही बाई वाक्य फुगवत नाही, असं त्यात लिहिलं होतं. गरीब माणूस जिथं गप्प बसतो तिथं तिचं इंग्रजीही गप्प बसतं. शेतावरच्या बायांना ती लंडनच्या मोलकरणींसारखं बोलायला लावत नाही. आणि अशा बाईचं नाव कोणी विचारत नाही, ही साहित्याची कृतघ्नता आहे. तो लेख दिव्यानीनं वर्गात वाचून दाखवला होता. ग्रेंजरबाईची इंग्रजी पुस्तकं तिनंही वाचली होती. बाई मोठी होती, याबद्दल दिव्यानीला तेव्हा शंका नव्हती आणि पुढेही कधी आली नाही.

"पुस्तक छापलं तं त्याच्यावर नाव कोणाचं येईन?" मायनं विचारलं.

"लेखकाचं येईल. त्याच्याखाली ग्रेंजरबाईचं. तिचं नाव कव्हरवर पाहिजे, नाहीतर मी पुस्तकच देणार नाही. आणि खाली माझं."

"बाप्पा. तीन तीन." तिनं निवडलेली पानं टोपलीत झटकली. "मंग माहं कुठी?"

"तुझं ना? मागच्या बाजूला, किंमत छापतात तिथं."

तिघंही हसले. सगळ्यात मोठ्यानं माय हसली. मग तिनं विचारलं, त्या नव्या पोरीचं पुढं काय होते ते तं सांगा. बाबा म्हणाले, आता उद्या. गोष्ट पुढची पानं ओलांडून सांगायची नाही, असा त्यांचा नेम होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायला थंडी वाजली. अश्विनात त्या भागात थंडी वाजून ताप येणं हे कोणी मनावर घेत नाही. गोळ्या आणल्या, घाम आला, ताप उतरला, पुन्हा चढला. दिव्यानीनं नागपूरला परत जायचं पुढे ढकललं. मग एका दुपारी माय तिला ओळखेना. जीपनं चंद्रपूरला नेईपर्यंत ती मागच्या सीटवर अखंड बोलत होती. पात सोडू नको गा, पाणी वाढून राह्यलं. रांगेला ती पात म्हणायची. कधी ती आपल्या गावच्या बायांची नावं घेत होती, कधी मधूनच तेरेझाचं. डॉक्टर म्हणाले, मलेरिया डोक्यात गेला आहे. बाबा पलंगाच्या पायाशी उभे होते, चष्मा काढून हातात धरलेला. त्यांनी तिला हाक मारली नाही. आयुष्यभर त्यांची हाक म्हणजे "ऐकून राह्यली का" एवढीच होती. तीही त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघाली नाही.

माय गेली.

तेरवीच्या पत्रिकेवर छापलं होतं, कै. सौ. सुनंदा. मायचा धाकटा भाऊ, सुकलूमामा, पत्रिका हातात धरून बराच वेळ उभा होता. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं दिव्यानीकडून वाचून घेतलं आणि विचारलं, "सुनंदा कोण व्हय, बाई?" मग त्याचं त्यालाच आठवलं आणि तो ओशाळला. "हो न गा. लग्नात ठेवलं होतं भाऊजीनं."

मायचं नाव बुधरी. बुधवारी जन्मली म्हणून बुधरी. मास्तरच्या बायकोला हे नाव गावठी दिसेल म्हणून लग्नात, ताटातल्या तांदळावर, बाबांनी अंगठीनं सुनंदा लिहिलं. पुढे रेशनकार्डावर तेच चढलं, मतदारयादीत तेच. माहेरी मात्र ती मरेपर्यंत बुधरी होती. दिव्यानीला नंतर अनेकदा वाटलं, बाबांनी केलेलं पहिलं भाषांतर ते. आणि त्यात मूळ कोणाचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

कादंबरीची शेवटची दोन प्रकरणं बाबांनी एकट्यानं केली. खुर्ची उंबरठ्याशीच होती. शेजारची बाई येऊन पोळ्या टाकून जायची, तिच्यापुढे ते वाचत नसत. ती गेल्यावर रिकाम्या स्वयंपाकघराकडे तोंड करून वाक्य म्हणायचे, थांबायचे, आणि लिहायचे. दिव्यानीनं एकदा सुट्टीत हे पाहिलं. तेव्हा तिला वाईट वाटलं ते बापासाठी. त्या दिवशी ती त्यांच्यावर रागावू शकली नाही.

राग वर आला तो प्रुफं वाचताना. छापखाना नागपुरात, म्हणून प्रुफं तिच्याकडे आली. प्रकाशकानं बाबांचं ऐकलं होतं. मुखपृष्ठावर लेखक, त्याच्या खाली एल्सपेथ ग्रेंजर, आणि तळाला श्रीहरी मास्तरांचं पूर्ण नाव. अर्पणपत्रिकाही ग्रेंजरबाईलाच होती: जिचं नाव कोणी विचारलं नाही, तिला. ते वाचून दिव्यानीला बरं वाटलं. मग तिनं ऋणनिर्देश उघडला. मुख्याध्यापक होते. वाचनालयाचे ग्रंथपाल होते. धानशेतीचे स्थानिक शब्द पुरवल्याबद्दल भात संशोधन केंद्रातले ते साहेब होते. इटलीत धान पिकतं, एवढं एकच वाक्य त्यांनी पुरवलं होतं. पऱ्हे, पात, चिखलणी, धुरा हे सगळं या घरातल्या चुलीपुढून आलं होतं. आणि शेवटी एक ओळ: घरच्यांचेही सहकार्य लाभले.

घरच्यांचे. पेन्सिल हातात घेऊन ती त्या ओळीसमोर बसून राहिली. शेवटी तिनं स्वल्पविराम दुरुस्त केले, दोन ऱ्हस्व दीर्घ केले आणि प्रुफं परत पाठवली. तिला वाटलं, हे आपण सांगून व्हायचं नाही. त्यांचं त्यांना सुचेल. जो माणूस समुद्रापलीकडच्या एका बाईसाठी प्रकाशकाशी भांडतो, त्याला हे सुचायलाच पाहिजे.

पुस्तक चाललं. इतकं चालेल असं कोणाला वाटलं नव्हतं. पुण्याच्या एका समीक्षकानं लिहिलं की झाडीपट्टीची बोली परक्या पात्रांच्या तोंडी इतकी नैसर्गिक वाटणं हा मराठी अनुवादातला चमत्कार आहे. शेवटची दोन प्रकरणं मात्र काहीशी पुस्तकी झाली आहेत. बाबांनी ते कात्रण दिव्यानीला दाखवलं आणि शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाले, "मुळातच तसं आहे ते. ग्रेंजरबाई तरी काय करणार." दिव्यानीनं कात्रण घडी करून परत दिलं.

नागपूरच्या एका संस्थेनं पुरस्कार दिला. पहिली आवृत्ती संपली. बाबा निवृत्त झाले होते, त्यांनी ग्रेंजरबाईची दुसरी एक कादंबरी हाती घेतली होती. ती पुढे सरकत नव्हती. डोळे गेले आता, ते म्हणायचे. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला. मग हायस्कुलानंच सत्कार ठरवला. प्रकाशक स्वतः येणार होता, आणि दुसरी आवृत्ती लगेच छापायला जाणार असल्यामुळे काही दुरुस्त्या असतील तर त्याच दिवशी हातात द्या, असं त्यानं कळवलं होतं.

त्या सकाळी बाबा खिडकीतल्या आरशासमोर दाढी करत होते. दिव्यानी चहाचा कप ठेवायला गेली आणि तिथेच थांबली.

"दुसऱ्या आवृत्तीत मायचं नाव टाकाल का?"

"टाकलं ना. घरच्यांचं सहकार्य म्हटलं आहे."

"नाव, बाबा."

त्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला. "घरच्या माणसाचे आभार मानतात का कोणी? ते परकं केल्यासारखं होतं. तिलेच आवडलं नसतं."

"तिनं विचारलं होतं तुम्हाला. माहं कुठी, म्हणून."

"अगं, ती गंमत होती." ते हसले. मग आरशातूनच त्यांनी लेकीचं तोंड पाहिलं आणि हसणं आवरलं. फेसानं अर्धा गाल पांढरा होता. हळू आवाजात म्हणाले, "आणि टाकलं तर लोक काय म्हणतील, सांग. मास्तरनं इंग्रजी वाचलं आणि मराठी बायकोनं केली. मग मी काय केलं?"

याचं उत्तर तिच्याजवळ होतं. तुम्ही ऐकलं. माय बोलते ते लिहून घेण्यासारखं आहे हे सबंध गावात फक्त तुम्हाला कळलं, आणि ते काही थोडंथोडकं नव्हतं. ते त्यांना सांगितलं असतं तर कदाचित सगळं निभावलं असतं. पण बाबा बोलून झाल्याबरोबर पुन्हा आरशाकडे वळले होते, हनुवटी वर करून गळ्यावरून वस्तरा फिरवत होते. हातात वस्तरा असलेल्या माणसाशी वाद घालणं तिला जमलं नाही. ती चहा ठेवून आत गेली.

शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. बाबांचे जुने विद्यार्थी आले होते, त्यांतले काही आता बल्लारपूरला पेपर मिलमध्ये होते, काही गडचिरोलीला मास्तर. दाराशी चहा चालला होता. सुकलूमामा धोतर नेसून, खांद्यावर धुतलेला दुपट्टा टाकून भिंतीला टेकून उभा होता. सकाळच्या गाडीनं आला होता. दिव्यानीनं त्याला पुढे बसवायचा प्रयत्न केला, पण तो मागचीच खुर्ची धरून बसला.

"माह्या पोट्ट्यानं पुस्तक वाचून दाखवलं मले," तो म्हणाला. "रोज थोडं थोडं."

"कसं वाटलं, मामा?"

मामानं कपातला चहा फिरवला. "वाटाचं काय त्याच्यात. आमची बुधरीच बोलून राह्यली न सारीकडं. मी तं पोट्ट्याले म्हटलं, थांब जरासक. आता नको वाचू." मग दुपट्ट्यानं तोंड पुसून त्यानं विचारलं, "तिचं नाव कोठी हाये, बाई, त्याच्यात? पोट्ट्याले सापडलं नाई."

दिव्यानीनं सांगितलं, नाही. मामानं मान हलवली, भाव नाही पटला तर बाजारात हलवतो तशी, आणि दुसरीकडे पाहू लागला.

सत्कार झाला. शाल झाली, श्रीफळ झालं. प्रकाशकाचं भाषण झालं, त्यानं दुसऱ्या आवृत्तीची घोषणा केली, टाळ्या झाल्या. मग बाबा उभे राहिले. ते चांगले बोलत, पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेला माणूस. ते ग्रेंजरबाईबद्दल बोलले. एका परक्या देशातल्या गरीब बायांना तिनं आपल्या भाषेत घर दिलं, असं म्हणाले. अनुवादक हा साहित्यातला पाणक्या आहे, विहीर सगळ्यांना दिसते, घागर वाहणारा दिसत नाही, असं म्हणाले. "ज्यानं आपल्या तोंडात शब्द घातला त्याचं नाव न घेणं, याला मी चोरी म्हणतो," असं म्हणाले, आणि हॉलमध्ये इतक्या टाळ्या पडल्या की त्यांना थांबावं लागलं. दिव्यानी पहिल्या रांगेत बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिचे हात मांडीवरच होते.

कोणीतरी मागून ओरडलं, सर, ती कोरड्या पायांची ओळ म्हणा. बाबांनी ती ओळ म्हटली. सगळा हॉल हसला. हसणं ओसरल्यावर बाबा म्हणाले, "ही ओळ मला सापडत नव्हती. इंग्रजीत साधी आहे. मराठीत कशी आणावी, सुचेना. आणि मग एका संध्याकाळी ती आली."

ती आली. जणू वाऱ्यानं आली, जणू खिडकी उघडी होती म्हणून आली. दिव्यानीनं मान मागे वळवून पाहिलं. सुकलूमामा जमिनीकडे पाहत होता.

सूत्रसंचालन धनराज सरांकडे होतं. बाबांचेच विद्यार्थी, आता त्याच शाळेत इंग्रजी शिकवणारे. बाबा बसल्यावर ते माइकवर आले आणि म्हणाले, की सरांच्या या यशामागे त्यांच्या घरच्यांचाही वाटा आहे, तेव्हा कुटुंबाच्या वतीनं दिव्यानीताईंनी दोन शब्द बोलावेत. बाबांनी तिच्याकडे पाहून मान डोलावली, वर्गात हुशार मुलीला उभं करताना डोलावायचे तशी. प्रकाशक डायरी उघडून बसला होता.

ती उठली. माइक तिच्या उंचीपेक्षा वर होता, धनराज सरांनी खाली करून दिला.

तिनं नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. उपस्थितांचे आभार मानले. ग्रेंजरबाईचं नाव मुखपृष्ठावर आहे, ते योग्यच आहे, आणि ते तिथेच राहावं, असं ती म्हणाली. बाबांनी पुन्हा मान डोलावली. ती ओळ आली त्या संध्याकाळी मी घरी होते, असं ती म्हणाली, आणि लोक कौतुकानं पुढे सरकले. तिथे तिचा शब्द अडला. नागपुरात कमावलेलं, व्याख्यानांत घासून गुळगुळीत केलेलं मराठी जिभेवर होतं, पण ते पुढे जाईना. ती व्यासपीठाकडे वळली. माइक बाजूला राहिला, तरी हॉल इतका शांत होता की मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं.

"ते ओळ आली नाई, बाबा. माह्या मायनं म्हटली. अंबाडी निवडून राह्यली होती ते, अन् तुमी लिहून घेतली. त्या पुस्तकातल्या साऱ्या बाया तिच्या तोंडानं बोलते. तुमी विलायतच्या बाईचं नाव घेतलं, धानाच्या साहेबाचं घेतलं. तिचं नाई घेतलं. जिती होती तवाबी नाई, दवाखान्यात नाई, मेल्यावर नाई. आताच म्हटलं न तुमी, त्याले चोरी म्हणते. मले तुमचा राग येते, बाबा. माय गेली तवापासून येते, अन् मी तुमच्यासाठी चहा करून राह्यली, प्रुफं वाचून राह्यली." तिनं श्वास घेतला. बाबांचा हात शालीच्या काठावर थांबला होता. "चौथं नाव टाका. सुनंदा नाई. बुधरी. टाकलं तरी माहा राग नाई जाणार. पण टाका."